मुंबईत नवीन आहात आणि एक्सपिरियन्स नाही? व्हॉलंटिअरिंग असं करा

दरवर्षी रिझल्ट लागले की गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच. दादा, मुंबईत आलोय, बीकॉम झालंय, सगळे एक्सपिरियन्स मागतात, काय करू? मी म्हणतो, नोकरी शोधता शोधता रविवारी व्हॉलंटिअरिंग कर. महिन्याभराने त्याचा मेसेज येतो, चार सर्टिफिकेटं झाली! अरे पण सर्टिफिकेटं कुणी सांगितली होती? म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

जागा शोधणं सोपं आहे, त्यात आठवडे घालवू नका. जानेवारीत मॅरेथॉन असते, 2004 पासून चालू आहे, फेब्रुवारीत काळा घोडा हा कलांचा फेस्टिवल, तो 1999 पासूनचा, दोन्हीकडे व्हॉलंटिअर लागतात. जरूर जा, मजा येते, ओळखी होतात, पण रेझ्युमेवर त्याने फार काही होत नाही. तुम्हाला हवं दर आठवड्याला चालणारं काम. वस्तीतला अभ्यासवर्ग, लहान वाचनालय, नाहीतर परळला टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटना मदत करणाऱ्या संस्था.

अंतर बघा. डोंबिवलीत राहून वर्सोव्याचं काम घेतलंत की पहिले दोन रविवार उत्साहात जातात आणि तिसऱ्या रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद.

संस्था खरी आहे का तेही बघा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, नंबर विचारायला लाजू नका, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे सामाजिक संस्था नोंदवायच्या सरकारी साइटवर, नाव शोधून बघा. रजिस्ट्रेशन फी मागितली की कलटी मारा. तसंच ती फंडरेझिंग इंटर्नशिप, म्हणजे मावशी, काका, शाळेतले मित्र सगळ्यांना लिंक पाठवून पाठवून पैसे गोळा करायचे आणि टार्गेट झालं की सर्टिफिकेट. त्यात तुम्ही काहीच शिकत नाही, वर नातेवाईक फोन उचलायचे बंद होतात. आणि आठवड्याचे सहा दिवस दहा ते सहा बोलावून कुणी तुम्हाला व्हॉलंटिअर म्हणत असेल तर ती बिनपगारी नोकरी आहे, सरळ नाही म्हणा.

आता खरी अवघड गोष्ट. आत शिरल्यावर काम मागायचं कसं. इथेच मी आपटलो होतो.

मी सुरुवातीला एका बीचवर सात रविवार सफाईला गेलो. ग्लोव्ह्ज घालून कचरा उचलायचा, ग्रुप फोटो काढायचा, वडापाव खाऊन घरी. रेझ्युमेवर मोठ्या अभिमानाने लिहिलं. इंटरव्ह्यूला मॅडमनी विचारलं, तिथे तू नक्की काय करायचास? म्हटलं, कचरा उचलायचो. किती? म्हटलं, बराच. त्या हसल्या, मीही हसलो, नोकरी काही मिळाली नाही. चूक बीचची नाही बरं का. वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी 2015 मध्ये सुरू केलेली सफाई जगभर पोचली, पण तिथे आठवड्यामागून आठवडे माणसं, पोती, जेसीबी यांचा मेळ बसवायला लागायचा. ते काम सांगण्यासारखं आहे. माझ्याकडे फक्त सात फोटो होते.

पुढच्या वेळी कुर्ल्याच्या एका अभ्यासवर्गात गेलो. तिथे पहिले तीन रविवार काही मागितलं नाही, सतरंज्या घातल्या, मुलांना पाढे म्हणायला लावले, बघत राहिलो. चौथ्या रविवारी कोऑर्डिनेटर ताईंना विचारलं. 'काही काम असेल तर सांगा' असं कधीच विचारू नका, कारण मग खुर्च्या लावायला सांगतात किंवा बॅनर धरायला. विचारायचं असं, 'ताई, दर महिन्याला रखडतं असं कुठलं काम आहे? मी दोन महिने दर रविवारी दोन तास देतो, तेवढं एकच करतो.' ताईंनी एक शब्द न बोलता कपाटातून हजेरीच्या वह्यांचा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

तीन सेंटरच्या वह्या, तीन वेगळी अक्षरं. एकच मुलगा एका वहीत सुफियान, दुसरीत सुफयान, तिसरीत सुफीयान, आणि रिपोर्टमध्ये तो तीन मुलं म्हणून मोजलेला. सगळं एक्सेलमध्ये घालून डुप्लिकेट काढले तेव्हा 212 मुलांची 167 झाली. ताईंचा चेहरा पडला, पण आकडा खरा होता. आणि हे काम कुठल्याही संस्थेत सापडेल. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर खर्चायला लावले, आणि संस्थेला पैसे देणारी कंपनी आकडे मागतेच. शिकवायला यायला सगळे तयार असतात, वह्या कुणालाच नको असतात. नवख्या माणसाने नेमकं तेच धरावं, असं माझं ठाम मत आहे.

आता माझी दुसरी चूक. हजेरी जमली म्हटल्यावर मी सगळ्यालाच हो म्हणत सुटलो, इन्स्टाचं पेज, पत्रांचं भाषांतर, पिकनिकची बस. मग झेपेना, तर सांगायचं सोडून मी फोनच उचलेनासा झालो. पाच आठवडे! तुम्ही असं करू नका. जमत नसेल तर तसा मेसेज टाका आणि एकाला तरी ती शीट शिकवून मग सोडा.

रेझ्युमेवर एक्सपिरियन्सखालीच लिहा, पण पुढे व्हॉलंटिअर असं स्पष्ट टाका, नोकरी असल्याचं भासवू नका. एकच ओळ पुरते: तीन सेंटरची हजेरी एकत्र केली, दुहेरी नोंदी काढल्या, मासिक रिपोर्ट वेळेवर जायला लागला. कॉलेजात एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांचे 240 तास भरले असतील तर तेही लिहा, पण तासांच्या पुढे काय केलं तेही हवं. मुलांचे फोटो कुठेही टाकू नका.

शेवटी शिफारसपत्र. सोडतानाच मागा, मजकूर स्वतः लिहून न्या, त्यांना वेळ नसतो. मी सोडताना मागितलं नव्हतं, गायबच झालो होतो ना. पुढे एका कंपनीने रेफरन्स मागितला तेव्हा तोंड लपवत कुर्ल्याला गेलो. ताई रागावल्या नाहीत. कपाट उघडलं, वह्या काढल्या आणि म्हणाल्या, 'आधी जुलैची हजेरी भर, मग पत्र.' चार वाजेपर्यंत बसलो होतो.