सोलापूरहून ट्रोम्सोला: हिवाळ्यातील आठवड्याची आखणी

नॉर्वेतील ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेला असल्याने नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही; म्हणून ध्रुवीय प्रकाशाबरोबर (रात्रीच्या आकाशात झळकणाऱ्या रंगीत प्रकाशाबरोबर) दिवसाचा उजेडही हवा असेल, तर फेब्रुवारी निवडावा. नॉर्वेला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांच्या सामायिक प्रवेश-परवान्यासाठी) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. खरी काळजी कपड्यांची घ्यावी. सोलापूरच्या थंडीला सुती चादर पुरते, परंतु तिकडे अंगालगतचा सुती कपडा घामाने भिजून गार पडतो. त्यामुळे आत लोकरीचा, मध्ये उबदार आणि वर वारा अडवणारा, असे तीन थर हवेतच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी अवश्य न्यावी. पेढे मात्र नेऊ नयेत, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ तेथे नेण्यास मनाई आहे. आकाश ढगाळ राहू शकते, म्हणून प्रकाशदर्शनासाठी एकाच रात्रीवर विसंबू नये, तीन-चार रात्री मोकळ्या ठेवाव्यात.