कूर्चा छापायला येताय? आधी जेल हातात घ्या

बायोटेक किंवा मेकॅनिकल करून बायोप्रिंटिंगमध्ये, म्हणजे पेशी मिसळलेल्या जेलनं सांध्यातली कूर्चा (कार्टिलेज) छापण्याच्या विषयात, येणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात तो प्रिंटरचा. कुठला आहे, केवढ्याला पडतो, आम्हाला हात लावायला मिळेल का? माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले दोन-तीन महिने प्रिंटरकडे बघूही नका. दहा मिलिलिटरची सिरिंज, बोथट सुई आणि सोडियम अल्जिनेटची (समुद्री शेवाळातून काढलेल्या, जेल बनवणाऱ्या भुकटीची) बाटली एवढ्यावर काम सुरू होतं.

कूर्चेचा प्रश्न कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. तालमीतला नाहीतर पेठेच्या फुटबॉल संघातला कुणीतरी ‘गुडघा गेला’ म्हणून घरी बसलेला प्रत्येकाच्या ओळखीत असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की आपणहून नीट भरून येत नाही. विल्यम हंटरनं हे १७४३ मध्येच लिहून ठेवलंय. पण छापणाऱ्याच्या दृष्टीनं हीच सोय ठरते, कारण रक्तवाहिन्यांचं जाळं उभं करायची भानगड नाही आणि पेशीही एकाच जातीच्या. त्यामुळे नवख्याला काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात निरोगी कूर्चेचा दाबाखालचा ताठपणा साधारण अर्धा ते एक मेगापास्कल असतो आणि आपली पेशींना मानवणारी जेलं बहुतेक वेळा काही दशक किलोपास्कलवर अडकतात (एक मेगापास्कल म्हणजे हजार किलोपास्कल). जेल घट्ट केलं तर आकार टिकतो, पण पेशी गुदमरतात. पातळ ठेवलं तर पेशी खूश, पण छापलेली जाळी पसरून थारोळं होतं. या विषयातली निम्मी भांडणं या एकाच ओढाताणीवर चालतात.

आता हाताचं काम. ३ टक्के अल्जिनेट करायचं तर भुकटी एकदम ओतू नका, पाणी फिरत असताना चिमटीचिमटीनं सोडा. नाहीतर गुठळ्या होतात, वरून विरघळल्यासारख्या दिसतात आणि मग सुईत अडकतात. रात्रभर फिरू द्या, मग सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढा. सिरिंज हातानं दाबून सुईच्या टोकाकडे बघा. थेंब धरून खाली पडला तर अजून पातळ आहे. सलग दोरा सुटला तर पुढं जाता येतं. दोरा खडबडीत, तुटक आला तर जेल आधीच जास्त जमलंय. ही परीक्षा फुकट आहे आणि रिओमीटरवर, म्हणजे जेलचं वाहणं मोजणाऱ्या यंत्रावर, नंबर लागेपर्यंत बरंच काही सांगून जाते.

अल्जिनेट घट्ट जमवण्यासाठी १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड लागतं. बाटलीवर डायहायड्रेट आहे की निर्जल, ते वाचा. १०० मिलिलिटरला पहिल्याचे १.४७ ग्रॅम, दुसऱ्याचे १.११. निर्जल असेल तर आपल्याकडच्या जुलैत बाटली उघडी ठेवायची सोय नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, मग तराजू दाखवतो ते वजन खरं नसतं. जमलेली जाळी पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट द्रावणात) ठेवून घरी गेलात तर सकाळी ती मऊ पडलेली असेल, कारण फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं. निर्जंतुक करायला अल्जिनेट ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवलं, की साखळ्या तुटून तेही पातळ होतं. भुकटीवर यूव्ही टाकणं किंवा द्रावण गाळून घेणं, असे दुसरे मार्ग आहेत, पण प्रत्येकाचा जेलवर काय परिणाम होतो ते स्वतः मोजा.

जेलएमए, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणारं जिलेटिन, हे पुढचं पाऊल. त्याचा पातळपणा तापमानावर हलतो. मे महिन्यात एसी बंद पडला की सकाळी जमलेली सेटिंग दुपारी निरुपयोगी. वहीत दाब आणि वेगाबरोबर खोलीचं तापमानही लिहीत जा.

पेशी मिळवायचा सराव शेळीच्या गुडघ्यावर होतो आणि मटणाच्या बाबतीत हे गाव कधी कमी पडत नाही. कसायाला सांधा न फोडता द्यायला सांगा, बर्फात आणा, संस्थेच्या समितीला आधी विचारून ठेवा. सांधा उघडला की हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, ओला चकाकणारा थर दिसतो. स्काल्पेल आडवं धरून पातळ चकत्या काढायच्या. गुलाबी दिसायला लागलं की हाडाला लागलात, थांबा. पुढं रात्रभर कोलॅजिनेजमध्ये, म्हणजे कूर्चा विरघळवून पेशी मोकळ्या करणाऱ्या विकरात.

या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढल्या की लांबट होतात आणि कूर्चेच्या टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजन बनवू लागतात, म्हणजे कूर्चेपणच विसरतात. जेलमध्ये परत गोल झाल्या की बऱ्याच अंशी ते परत येतं. अ‍ॅगरोज या जेलमध्ये हे १९८२ साली दाखवलं गेलंय. म्हणून पासेज, म्हणजे पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेऊन वाढवण्याच्या फेऱ्या, वाढवत नेऊ नका. पण इथंच गणित आडवं येतं. दर मिलिलिटरला १ कोटी पेशी धरल्या आणि एका टी-७५ (७५ चौरस सेंटिमीटर तळाच्या) फ्लास्कमधून वीसेक लाख मिळाल्या, तर एका मिलिलिटरला पाच फ्लास्क. छापण्याचा दिवस ठरवण्याआधी हा हिशोब मांडा.

प्रिंटर नसेल तर रडत बसू नका. साध्या प्लॅस्टिक प्रिंटरवर सिरिंज दाबणारं डोकं बसवता येतं, त्याची खुली डिझाइन्स उपलब्ध आहेत. लीड स्क्रू, ब्रॅकेट असलं काही लागलं तर शिवाजी उद्यमनगरात लेथवाला चित्र बघून करून देतो, वर ‘हे एवढं बारीक कशाला?’ म्हणून अक्कलही शिकवतो. ऐका त्याचं. स्क्रूमधला ढिलेपणा तो तुमच्या आधी ओळखतो. छापलेल्या जाळीची छिद्रं चौकोनी आली तर ठीक, गोल झाली तर जेल पातळ आहे.

प्रवेशाचं थोडक्यात. कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि रिजनरेटिव्ह मेडिसिनचा विभाग आहे, शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सची बाजू आहे. नेट-जेआरएफ (संशोधनाची राष्ट्रीय फेलोशिप) काढलीत तर २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात. ती नसताना मार्गदर्शकाच्या प्रकल्पावर येणार असाल, तर प्रकल्पाची किती वर्षं उरलीत हे स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

आणखी एक विचारा: सॅफ्रॅनिन-ओचे, म्हणजे कूर्चेला लाल करणाऱ्या रंगाचे, काप या लॅबमध्ये कोण काढतं? जाळीचा सुंदर फोटो कुणीही दाखवेल, पण तीन-चार आठवड्यांनी तिच्यात कूर्चा बनली की नाही ते त्या लाल रंगाच्या कापातच दिसतं. हायड्रोजेलमध्ये पाणीच जास्त, त्यामुळे काप काढणाऱ्या मायक्रोटोमवर ते चुरगळतं, स्लाइडवरून सुटतं. जिथं हे जमलेला माणूस आहे, ती लॅब प्रिंटर जुना असला तरी धरा.