भाड्याऐवजी हातभार: खोली देण्याआधी काय ठरवावं

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराची माडी मी कॉलेजच्या मुलीला देते. भाडं घेत नाही, ती कामाला हातभार लावते. कोल्हापूरला यात नवल नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासून खेड्यातली पोरं इथं राहून शिकत आलीत.

आधी हिशेब मांडा. आमच्या गल्लीत अशा खोलीला 3000 रुपये येतात. तासाला 100 धरले तर महिन्याचे 30 तास, म्हणजे रोज तासभर. बास. "तू काय परकी हाईस व्हय?" म्हणत पाहुण्यांची भांडी पुढ्यात सरकवायची नाहीत. मायेच्या नावाखाली फुकट राबवून घेणं मला पटत नाही. काम वाढलं तर वरचे पैसे द्या.

कामं एकेक करून लिहा. "घरात मदत" एवढ्यानं भागत नाही. माझ्याकडं पहाटे हौदात पाणी पडलं की मोटर लावून वरची टाकी भरायची. टाकीच्या वरच्या पाइपातून धार सुटली की लगेच बंद करायची, नाहीतर शेजारणीचं वाळवण भिजतं आणि सकाळपासून तोंडं फुगतात. शिवाय कपिलतीर्थ मंडईतून भाजी, मोबाइलवरून लाइटबिल, महिन्यातून एकदा दवाखान्यात सोबत. धुणंभांडी नाहीत, त्याला मावशी आहेत. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की टाकी तेवढी तिच्याकडं, बाकी माझं मी बघते.

"भाडंच नाही तर करार कशाला?" असं म्हणू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरतात. सहसा 11 महिन्यांचा करतात. कामांची यादी त्यातच घाला. पोलीस ठाण्यातही माहिती द्या.

मुलीच्या आईवडिलांना एकदा जेवायला बोलवा आणि खोली दाखवा. आतून कडी नीट लागते का, ते त्यांच्यासमोरच बघा. रविवारी स्वयंपाकघरात मटण चालतं का, नवरात्रात अंबाबाईला जाऊन यायला रात्री उशीर झाला तर किल्ली कुणाकडं, हे त्याच वेळी बोलून घ्या.

सोडायचं झालं तर दोन्हीकडून महिन्याची नोटीस. आणि पोराचं लग्न ठरलं म्हणून ऐन परीक्षेत खोली रिकामी करायला सांगणार नाही, हे मालकानं लिहून द्यावं.