रीड-ओन्ली डेटाबेसचा बॅकअप अडतो तेव्हा या चुका टाळा

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रणालीवरील रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या, डेटाबेसचा बॅकअप अडला की बरेच नवे प्रशासक सर्वप्रथम तो डेटाबेस 'रीड-राइट' करून पाहतात. ही घाई मला मुळीच मान्य नाही. ज्या डेटाबेसला कोणी मुद्दाम रीड-ओन्ली केले आहे, त्याचा पूर्ण बॅकअप एरवी विनातक्रार होतो. तो अडला असेल, तर कारण बहुधा दुसरीकडे असते. ज्यात लिहिता येत नाही असा डेटाबेस लॉग शिपिंगमधला स्टँडबाय (मूळ सर्व्हरवरील बदलांच्या नोंदी, म्हणजे लॉग, वेळोवेळी चढवून अद्ययावत ठेवलेली प्रत) असू शकतो, ऑलवेज ऑनमधली दुय्यम रेप्लिका (अनेक सर्व्हरवर एकाच डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या सोयीतली मुख्य नसलेली प्रत) असू शकते किंवा नुसता स्नॅपशॉट (एका क्षणाचे गोठवलेले चित्र) असू शकतो, आणि या प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

सर्वांत महागात पडते ती स्टँडबायच्या बाबतीतली चूक. एरर 3036 सांगतो की डेटाबेस वॉर्म-स्टँडबाय स्थितीत आहे आणि रिस्टोअरची मालिका (एकामागोमाग बॅकअप चढवण्याचे काम) पूर्ण होईपर्यंत त्याचा बॅकअप घेता येणार नाही. नवशिका हे वाचतो आणि मालिका पूर्ण करायला निघतो. एका कंपनीत रात्रपाळीच्या मुलाने हेच केले: इंटरनेटवर सापडलेली 'रिस्टोअर डेटाबेस विथ रिकव्हरी' ही कमांड त्याने जशीच्या तशी चालवली. बॅकअप झाला, जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) यशस्वी दिसला आणि तो निर्धास्तपणे घरी गेला. मात्र एकदा रिकव्हरी झाली, म्हणजे रिस्टोअर संपवून डेटाबेस वापरासाठी खुला झाला, की पुढचे लॉग त्या डेटाबेसवर चढत नाहीत. कॉपीचा जॉब व्यवस्थित चालू असल्याने फोल्डरमध्ये लॉगच्या फायली साठत राहिल्या, रिस्टोअरचा जॉब मात्र दर वेळी फसत गेला, आणि सकाळी रिपोर्ट पाहणाऱ्यांना आदल्या रात्रीचेच आकडे दिसत राहिले. शेवटी मूळ सर्व्हरवरून पूर्ण बॅकअप आणून लॉग शिपिंग नव्याने उभारावे लागले. स्टँडबायचा बॅकअप घेण्याची खटपट करूच नये. तो मूळ सर्व्हरवर घ्यावा.

म्हणून कोणतीही कमांड चालवण्यापूर्वी मी सिस-डेटाबेसेस (sys.databases) या सर्व्हरवरील डेटाबेसची यादी देणाऱ्या व्ह्यूमध्ये त्या डेटाबेसची नोंद पाहतो. तिथे 'इज-इन-स्टँडबाय' 1 असेल तर तो स्टँडबाय. 'सोर्स-डेटाबेस-आयडी' भरलेला असेल तर तो स्नॅपशॉट, ज्याचा बॅकअप होतच नाही. 'रेप्लिका-आयडी' भरलेला असेल तर तो ऑलवेज ऑनचा भाग.

दुय्यम रेप्लिकेवर 2022 च्या आवृत्तीपर्यंत लॉगचा नेहमीचा बॅकअप चालतो, पण पूर्ण बॅकअप फक्त कॉपी-ओन्ली प्रकारचा (नेहमीच्या बॅकअपच्या क्रमात न मोजला जाणारा) होतो आणि डिफरन्शियल (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचाच बॅकअप) मुळीच होत नाही. तिथे एरर 3059 येतो. एरर निदान दिसतो तरी. याहून वाईट प्रकार म्हणजे बॅकअपसाठी पसंतीची म्हणून ठरवलेली रेप्लिका दुसरी असल्यास मेंटेनन्स प्लॅन (देखभालीची ठरवून दिलेली कामे) तो डेटाबेस गुपचूप वगळतो आणि जॉब तरीही यशस्वी म्हणून नोंदवला जातो. जॉबच्या हिरव्या खुणेवर विसंबणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधील बॅकअपसेट या टेबलात शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी, आणि तीही प्रत्येक रेप्लिकेवर, कारण बॅकअप जिथे घेतला तिथेच त्याची नोंद होते.

खऱ्याखुऱ्या रीड-ओन्ली डेटाबेसवर डिफरन्शियलच्या फंदात पडू नये. डिफरन्शियल ज्या पूर्ण बॅकअपवर आधारलेला असतो त्याची माहिती अशा वेळी सर्व्हरच्या मास्टर डेटाबेसमध्ये राहते आणि डिटॅच-अटॅच (डेटाबेस सर्व्हरपासून सोडवून पुन्हा जोडणे) किंवा रिस्टोअर केल्यावर ती हरवते. त्यानंतर नवा पूर्ण बॅकअप घेण्यावाचून गत्यंतर नसते.

एरर 3201 सोबत 'ॲक्सेस इज डिनाइड' असे दिसल्यास डेटाबेसला हात लावू नये. एसक्यूएल सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्या सर्व्हिस अकाउंटला बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे का, तेवढे तपासावे.