गावातले आवाज टिपून स्वतःचा ध्वनिसंग्रह कसा उभारावा

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत रात्ररात्र प्रयोग चालतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे मुख्य ठाणे आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रयोगात नायक बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून गाव सोडतो असा प्रसंग होता, आणि त्यासाठी इंटरनेटवरून उतरवलेला आवाज वाजवला गेला. तो घोडागाडीचा होता, फरसबंद रस्त्यावरचा होता, आणि त्याच्या पाठीमागे आपल्या शिवारात कधी न ऐकलेला एक पक्षी बोलत होता. माझ्या शेजारी बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने ही आपली बंडी नव्हे, असे हळूच म्हटले आणि पुढचा सगळा प्रसंग मला परका वाटू लागला. त्या हंगामानंतर मी आवाज टिपायला सुरुवात केली. नाटक, लघुपट, आकाशवाणीसाठीची श्रुतिका किंवा शाळेचे स्नेहसंमेलन यांपैकी कशासाठीही ज्याला आपल्या मातीतले आवाज हवे आहेत, त्याच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे.

सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. हातातला मोबाईलसुद्धा चालतो, मात्र त्यात वेव्ह स्वरूपात ध्वनिमुद्रण करणारे ॲप घ्यावे आणि आवाज आपोआप लहानमोठा करण्याची व गोंगाट काढून टाकण्याची सोय बंद ठेवावी. या सोयी माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून केलेल्या असतात, त्यामुळे पानांची सळसळ त्यांना गोंगाट वाटते आणि त्या ती पुसून टाकतात. पुढे जमेल तेव्हा हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घ्यावा. त्यावर ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट ही मांडणी ठेवावी, कारण चित्रफितीच्या कामात ४८ किलोहर्ट्‌झ हेच प्रमाण वापरले जाते, आणि २४ बिटमुळे हळू आवाज पुढे वाढवला तरी त्याच्याबरोबर खरखर फारशी वर येत नाही. एमपी३ मध्ये मूळ ध्वनिमुद्रण कधीही करू नये, कारण त्या स्वरूपात टाकून दिलेली माहिती नंतर परत मिळत नाही. पातळी अशी लावावी की सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. अलीकडे ३२ बिट फ्लोट पद्धतीचे रेकॉर्डर मिळतात आणि त्यांत पातळी चुकली तरी ती नंतर सावरता येते, पण मायक्रोफोनच्याच क्षमतेपेक्षा मोठा आवाज त्यांनाही झेपत नाही.

रेकॉर्डरपेक्षाही मी दोन साध्या वस्तूंना अधिक महत्त्व देतो. पहिली वस्तू म्हणजे कान पूर्ण झाकणारा हेडफोन, कारण आपले कान नको असलेला आवाज सवयीने गाळतात आणि मायक्रोफोन मात्र काहीच गाळत नाही. दुसरी वस्तू म्हणजे मायक्रोफोनवर घालायची केसाळ टोपी. उघड्या वावरात झुळूक आली तरी मायक्रोफोनमध्ये धडधड होते, आणि नुसत्या स्पंजने ती थांबत नाही. लांब केसांच्या कृत्रिम फरचा तुकडा शिवून घेतला तरी काम भागते. रेकॉर्डर हातात धरू नये, कारण बोटांची हालचाल त्यात उमटते. लहान तिपाई नसेल तर त्याच्याखाली घडी घातलेली गोधडी ठेवावी.

आता शांततेविषयी सांगतो, कारण खेड्यात शांतता फुकट मिळते हा समज पहिल्याच दिवशी खोटा ठरतो. हेडफोन घालून गावात एक फेरी मारली की पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, देवळातला भोंगा आणि कुठेतरी लावलेला टीव्ही हे सगळे एकाच वेळी ऐकू येतात. वीज चालू असलेल्या घरात पंखा, फ्रिज आणि ट्यूबलाइट यांची बारीक गुणगुण असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्‌झवर बसते आणि संपादनात ती काढताना मूळ आवाजाचा भरीवपणाही जातो. म्हणून भारनियमनाचे वेळापत्रक मी भिंतीवर लावून ठेवतो. गावाची वीज जाते तेव्हा घरातले दळणाचे जाते, उखळ, सूप, कडी-कोयंडा आणि कुरकुरणारे दार टिपण्याची उत्तम वेळ आलेली असते.

ऋतू आणि प्रहर यांचाही विचार करावा लागतो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळतो आणि फार दूरवर पोचतो. वडशावरून जाणाऱ्या गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच्या गाडीचा भोंगा अशा रात्री कितीतरी दूरच्या धानाच्या बांधीतही स्पष्ट येतो. गावाचा दूरवरचा आवाज, भजन किंवा कुत्र्यांचे भुंकणे टिपायचे असेल तर ही रात्र वरदान आहे, पण केवळ जवळचा नाजूक आवाज हवा असेल तर तीच अडचण ठरते. उन्हाळ्यातल्या दुपारी नेमके उलट घडते. जमीन तापलेली असल्याने आवाज वर वळतो, लोक घरात असतात आणि दूरचे फारसे काही ऐकू येत नाही. त्यामुळे जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत दुपारी दोन ते चारच्या दरम्यान चांगले काम होते. मात्र पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना यंत्र उन्हात ठेवू नये आणि टिनाच्या छताखाली बसू नये, कारण तापलेला पत्रा मधूनमधून कडकडतो. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे रात्र भरून टाकतात, म्हणून त्या दिवसांत त्यांचेच आवाज टिपावेत आणि बाकीचे पुढे ढकलावेत.

प्रत्येक ठिकाणी मुख्य आवाजाआधी त्या जागेची नुसती शांतता एक मिनिटभर टिपावी. दोन तुकडे जोडताना मध्ये पडणारी पोकळी याच शांततेने भरता येते.

बंडीचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण एका वस्तूत किती आवाज दडलेले असतात हे त्यातून कळते. चाकाला लोखंडी धाव, म्हणजे पट्टी, असलेली बंडी आता कमी उरली आहे आणि बहुतेकांनी रबरी टायर बसवले आहेत, म्हणून अशी बंडी कुणाकडे आहे हे आधी विचारून ठेवावे आणि मालकाला वेळ देऊन जावे. बंडी एकदा चालवून मिळालेला एकच आवाज पुरत नाही. आसाची कुरकुर, धावेखाली दबणारा मुरूम, जू आणि जोत्याचा खडखडाट, बैलांच्या खुरांचा आणि श्वासाचा आवाज, गळ्यातल्या घुंगरमाळा, हे सगळे वेगवेगळे टिपावे. आसाजवळ मायक्रोफोन वीतभर अंतरावर धरून बंडी अगदी हळू चालवायला सांगावी. मग तोच मायक्रोफोन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवून बंडी दुरून येते, समोरून जाते आणि दिसेनाशी होते, असा पूर्ण प्रवास न थांबता घ्यावा. त्यानंतर स्वतः बंडीत बसून घ्यावा. रिकाम्या आणि तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेल्या बंडीत मोठा फरक असतो, कारण ओझ्याखाली फळ्यांचा खडखडाट मरतो आणि आसाचा आवाज खोल होतो. वंगण घालण्यापूर्वीच जावे, घातल्यावर कुरकुर उरत नाही. प्रत्येक प्रकार किमान तीन वेळा घ्यावा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तोंडातून शब्द काढू नये. मालकाला जे सांगायचे ते आधीच समजावून सांगावे. विरल्यानंतर काय टिपले, कुठे टिपले आणि कितवी खेप होती हे स्वतःच्या आवाजात सांगून मगच यंत्र थांबवावे. संध्याकाळी सारख्या दिसणाऱ्या तीस फाईली समोर येतात तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

घुंगरमाळांसाठी पोळ्याच्या दिवशीच जाऊ नये. त्या दिवशी ढोल, माणसे आणि फटाके यांत एकही माळ वेगळी ऐकू येत नाही. दोन-तीन दिवस आधी माळा काढून घासल्या जातात, तेव्हा मागून घेऊन घरी टिपाव्यात. पोळ्याच्या दिवशी मात्र गर्दीचा एकत्र आवाज जरूर घ्यावा, कारण तो घरी निर्माण करता येत नाही.

बरेच आवाज प्रत्यक्ष वस्तूपेक्षा दुसऱ्याच वस्तूतून अधिक खरे वाटतात. चित्रपटात पडद्यावरच्या हालचालीला असे आवाज देण्याच्या कलेला युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणारे जॅक फॉली यांच्या नावावरून फॉली म्हणतात. या कलेचे साहित्य आपल्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पडलेले असते. तुरीची वाळलेली काडी, म्हणजे तुराटी, मायक्रोफोनजवळ मोडली की हाड मोडल्याचा भास होतो, आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, भारा हळूहळू दाबला की झुडपातून कुणीतरी वाट काढत असल्यासारखे वाटते. जंगलातल्या पावलांसाठी सागाची आणि पळसाची वाळलेली पाने पोत्यावर पसरून त्यांवर हाताने दाब द्यावा. पाय वापरल्यास जमिनीचा धप्प आवाज मिसळतो. सुपातून ज्वारी पत्रावळीवर बारीक धारेने सोडली की पहिल्या सरीचे थेंब होतात, आणि तांदूळ वापरल्यास तीच सर अधिक बारीक वाटते. खरा पाऊसही टिपावाच, पण तो कशावर पडतो याला महत्त्व आहे. कवेलूवर, म्हणजे कौलांवर, पडणारा, टिनावर पडणारा आणि तलावात पडणारा पाऊस यांची नोंद तीन स्वतंत्र आवाज म्हणून व्हावी. आपल्या भागात मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातले, तलाव इतके आहेत की तलावावरच्या पावसासाठी फार दूर जावे लागत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगतो की कडकडाट टिपण्यासाठी उघड्या वावरात किंवा झाडाखाली उभे राहू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की ती किती किलोमीटरवर आहे ते कळते, आणि हे अंतर दहाच्या आत आले की पक्क्या घरात जायला हवे. मेघगर्जना घरातूनच, खिडकीशी रेकॉर्डर ठेवून आणि त्याला कोणतीही वायर न जोडता उत्तम येते. जवळचा कडकडाट हवा असेल तर पत्र्याचा मोठा पातळ तुकडा टांगून हलवावा, जसे जुन्या रंगभूमीवर करत असत.

जंगलात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी आणि एकट्याने जाऊ नये. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप पडणारी मोहफुले टिपण्याचा मोह मला दरवर्षी होतो. परंतु तो काळ आणि ती वेळ वाघ व अस्वलांच्या वावराची असते. हेडफोनमुळे मागची चाहूल कळत नाही, म्हणून सोबत एक माणूस केवळ लक्ष ठेवण्यासाठी असावा. गावालगतच्या वावरातल्या मोहाखाली स्वच्छ चादर पसरून टिपलेला आवाजही तितकाच सुंदर येतो. पावशा किंवा रातवा बोलावा म्हणून त्यांना त्यांचाच आवाज वाजवून दाखवू नये, कारण विणीच्या हंगामात त्यामुळे पक्षी विनाकारण अस्वस्थ होतात.

जात्यावरच्या ओव्या, दंडार हा इथला लोकनाट्यप्रकार किंवा भजन टिपताना आधी विचारावे आणि ते कशासाठी वापरणार हे स्पष्ट सांगावे. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचाही प्रयोगावर हक्क मान्य केलेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आजीबाईंची ओवी त्यांना न सांगता कुठल्यातरी जाहिरातीखाली वाजणे हा त्यांचा अपमान आहे.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मूळ फाईलला हात न लावता तिची प्रत घ्यावी, नको असलेले दोन्ही टोकांचे भाग कापावेत आणि कापलेल्या जागी टिक् असा आवाज येऊ नये म्हणून तिथे आवाज हळूहळू चढेल किंवा विरेल असा काही मिलिसेकंदांचा उतार (फेड) द्यावा. ८० हर्ट्‌झखालचा भाग काढल्यास वाऱ्याची घरघर कमी होते, मात्र ढोल आणि मेघगर्जना यांना हा उपाय लावू नये. गोंगाट काढण्याचे साधन जपून वापरावे. ते जास्त लावले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

ज्या दिवशी आवाज टिपला त्याच दिवशी फाईलला नाव द्यावे, कारण आठवड्यानंतर कोणता मुरूम आणि कोणती बंडी हे कुणालाही सांगता येत नाही. माझी रचना अशी आहे: बंडी_लोखंडीधाव_मुरूम_रिकामी_दुरून_आरमोरी_२०२५१२१४_०३. वस्तू आधी आणि तारीख व खेपेचा क्रमांक शेवटी असल्यामुळे सगळ्या बंड्या यादीत एकत्र येतात. काही जुन्या यंत्रांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून प्रत्यक्ष फाईलचे नाव रोमन अक्षरांत ठेवून मराठी वर्णन वेगळ्या तक्त्यात लिहावे. तक्त्यात यंत्र, अंतर, हवामान आणि परवानगी यांबरोबर तो आवाज कोणत्या प्रसंगाला शोभेल हेही लिहावे. रात्री अकरा वाजता दिग्दर्शक ‘ओसाड’ किंवा ‘निरोप’ असा शब्द उच्चारतो, तेव्हा ‘बंडी’ शोधून उपयोग होत नाही.

४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट स्टिरिओचे एक मिनिट सुमारे १७ एमबी होते आणि एक तास साधारण एक जीबी. त्यामुळे एका मध्यम हार्डडिस्कमध्ये कित्येक वर्षांचे काम मावते. तीन प्रती ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे असावी.

शेवटी आवाज मंडपात तपासावा. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यासारख्या बऱ्याच यंत्रांना १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झची फाईल लागते, म्हणून त्या यंत्राची पुस्तिका पाहून तशी वेगळी प्रत करावी. मग प्रयोगाच्या दुपारी, मंडप रिकामा असताना, वादकाला तो आवाज वाजवायला सांगून आपण अगदी शेवटच्या ओळीत, जिथे बायका लेकरांना घेऊन बसतात तिथे, जाऊन बसावे. भोंग्यातून खालचे स्वर फारसे येत नाहीत, त्यामुळे हेडफोनमध्ये भारदस्त वाटलेली बंडी तिथे पोकळ लागू शकते. तसे झाले तर आसाजवळून टिपलेली कुरकुर थोडी वाढवून, खुरांचा आवाज कमी करून पुन्हा ऐकावे, आणि बंडी तिथपर्यंत पोचेस्तोवर हे करत राहावे.