काकूंच्या जागी बसताना

रेडिओत नवीन येणाऱ्यांना वाटतं, आपल्याला कोरा कार्यक्रम मिळेल. बहुतेकांना तो मिळत नाही. कोणीतरी सोडून गेलेली खुर्ची मिळते. मलाही तीच मिळाली.

स्टेशनचं नाव लिहीत नाही. नागपुरातलं कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या वस्त्यांपुरतं छोटं स्टेशन, प्रक्षेपणाची ताकद 100 वॅट. महाल, सक्करदऱ्याला स्वच्छ ऐकू यायचं, बुटीबोरीला नुसती खरखर. गाणी कमी, बोलणं जास्त. सकाळी साडेआठचा फोन-इन, म्हणजे श्रोत्यांशी फोनवर गप्पांचा कार्यक्रम, नऊ वर्षं एक बाई चालवत होत्या. ऐकणारे सगळे त्यांना काकू म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेलेही. त्यांनी थांबायचं ठरवलं आणि तो कार्यक्रम माझ्याकडे आला.

स्टेशननं एकाच सोमवारी चार गोष्टी बदलल्या. निवेदिका, कार्यक्रमाचं नाव, सुरुवातीची धून आणि वेळ. साडेआठचे दहा झाले, कारण एका जाहिरातदाराला दुकान उघडायच्या वेळेला आपली जाहिरात हवी होती. कम्युनिटी रेडिओला 2024 पासून तासाला 12 मिनिटं जाहिरात करता येते, त्यामुळे असले हट्ट आता पुरवले जातात. काकू जाणार हे ऑन एअर सांगायचं नाही, असंही मीटिंगमध्ये ठरलं. गाजावाजा कशाला, लोक आपोआप रुळतील.

पहिलाच फोन आला तो असा : ‘‘काकू बऱ्या आहेत ना?’’ दुसरा तसाच. तिसऱ्या आजोबांनी सरळ विचारलं, ‘‘केव्हा गेल्या?’’ मी गडबडले. ‘‘नाही, नाही, त्या आता येणार नाहीत,’’ असं बोलून बसले. याचा अर्थ लोकांनी जो लावायचा तोच लावला. बुधवारी एक गृहस्थ ऑटो करून स्टेशनवर आले. दाराशी चपला काढून हळू आवाजात काकूंच्या घरचा पत्ता विचारू लागले, भेटून यायचं म्हणून. काकू त्या वेळी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ब्लाउजचं कापड बघत होत्या.

शुक्रवारी आम्ही त्यांनाच फोन लावला, लाइव्ह. पाच मिनिटं बोलल्या. तब्येत ठणठणीत आहे, नातवाला सांभाळते, आता ही पोरगी बोलेल, तिला त्रास देऊ नका. बस. ‘बऱ्या आहेत ना’ विचारणारे फोन सोमवारपासून बंद झाले. हे आधीच्या आठवड्यात केलं असतं तर त्या गृहस्थांचं ऑटोभाडं वाचलं असतं. म्हणून तुम्हाला कोणाची जागा मिळत असेल तर पहिली मागणी ही करा : जाणाऱ्याबरोबर दोन-तीन दिवस एकत्र माइकवर बसू द्या. स्टेशन कुरकुर करेल, तरी करा.

आवाज बदलल्याचा राग मात्र माझ्या अंदाजापेक्षा लवकर निवला. वेळेचा निवला नाही. एका बाईंचा फोन अजून कानात आहे : ‘‘ताई, तुम्ही टाइम काहून बदलवला? तुमचा कार्यक्रम लागला का मी कुकर लावत होती. आता रोजच उशीर होऊन राहिला ना.’’ काकूंच्या साडेआठवर कोणाचा डबा, कोणाची औषधाची गोळी, कोणाच्या पोराची शाळेची रिक्षा बांधलेली होती. दहा वाजता ती माणसं घरातच नसायची. आणि दुकानदार? तो दहा वाजता शटर उचलण्यात आणि झाडझूड करण्यात गुंतलेला.

हे वरिष्ठांना पटवायचं कसं, हा खरा प्रश्न. श्रोते मोजणारी रॅम नावाची पद्धत मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरूपुरती. नागपूर त्यात नाही. मग आपली फोनवही हेच आपलं शस्त्र. मी तीन आठवडे प्रत्येक फोनची वेळ, वस्ती आणि तक्रार लिहून ठेवली. वही टेबलावर ठेवल्यावर कार्यक्रम साडेआठला परत आला, जाहिरातदाराला दहाला आरोग्याचा कार्यक्रम दिला. नाव आणि धून नवीच राहिली. त्याबद्दल एकही फोन आला नव्हता!

दुसरी शिदोरी म्हणजे जुनी रेकॉर्डिंग. कम्युनिटी रेडिओला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, म्हणजे ती स्टेशनवर असतातच. आधीच्या माणसाचे वीसेक भाग ऐका. नक्कल करायला नव्हे. श्रोत्याला कशाची सवय लागली आहे ते कळायला. काकू फोन ठेवताना ‘‘जेवून घ्या’’ म्हणायच्या, सकाळी पावणेनऊलासुद्धा. मी ते उचलायला गेले आणि तोंडावर पडले. चोविसाव्या वर्षी ते शोभत नाही.

माझी मोठी चूक भाषेची. मी एफएमच्या जाहिरातीतलं गुळगुळीत मराठी बोलत होते. एकानं विचारलं, ‘‘म्याडम, पुण्याच्या का?’’ जन्म सक्करदऱ्याचा माझा! कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत, असं कम्युनिटी रेडिओच्या धोरणातच आहे. तरी ओढूनताणून ‘बे’ आणि ‘काहून’ पेरू नका, तेही लगेच ऐकू येतं. घरी बोलता तसं बोला. इथलं पंचांगही ठाऊक हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तान्ह्या म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यावर गोड गोड बोलत बसले आणि त्याच दिवशीची मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक विसरले. फोनवर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोन-इनमध्ये राजकारण येणारच, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असताना तर हमखास. स्वतःच्या बातम्या द्यायला कम्युनिटी किंवा खासगी एफएमला परवानगी नाही. वाहतूक, हवामान, पाणी-वीज, परीक्षा, रोजगार हे चालतं. म्हणून फोन करणारा मोर्च्यावरून मंत्र्यावर घसरला की त्याला रस्त्यावर आणायचं : ‘‘भाऊ, तुमच्याकडून बर्डीला जायला कोणता रस्ता मोकळा आहे?’’ माणूस दुखावत नाही आणि माहितीही मिळते. हे जमायला मला सहा महिने लागले.

सुरुवात कुठून करायची, असं पुष्कळजण विचारतात. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रात, जे 1948 पासून सुरू आहे, नैमित्तिक, म्हणजे लागेल तसे ड्युटीला बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांसाठी जाहिरात निघते तेव्हा लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी असते. तिकडे लक्ष ठेवा. महिनाभर ड्युटी मिळेल या आशेवर नोकरी सोडू नका. कम्युनिटी स्टेशनवर पैसे आणखी कमी, पण माइक लवकर हातात येतो. डेमो, म्हणजे तुमच्या आवाजाचं नमुना रेकॉर्डिंग, दोन मिनिटांचा पुरे. त्यात कविता म्हणू नका, सगळे तेच करतात. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, एक बंद पडलेला नळ आणि चिडलेला फोन करणारा, एवढं घेऊन बोला. माझ्याकडे आलेल्या डेमोंपैकी मी शेवटपर्यंत ऐकलेला एकच होता. त्यातल्या मुलानं घरच्या कूलरची मोटार जळल्याचं सांगितलं होतं.