शीतयुद्धाच्या अंतावरून तीन विचारप्रवाहांची तुलना कशी करावी

आंतरराष्ट्रीय संबंधांतील विचारप्रवाहांची तुलना व्याख्यांपासून सुरू न करता एक घटना निवडावी आणि प्रत्येक प्रवाहाला तोच प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, शीतयुद्ध का संपले? वास्तववादी (राष्ट्रे सत्तेच्या गणितावर चालतात असे मानणारा) सत्तासंतुलनाकडे बोट दाखवतो: खंगलेल्या सोव्हिएत अर्थव्यवस्थेला शस्त्रस्पर्धा झेपेना. उदारमतवादी (नियम, संस्था आणि सहकार्याला महत्त्व देणारा) १९७५ च्या, पूर्व व पश्चिम गटांतील देशांनी केलेल्या हेलसिंकी करारातील मानवी हक्कांच्या तरतुदींवर भर देतो, तर रचनावादी (राष्ट्रांचे वर्तन त्यांच्या कल्पनांतून घडते असे मानणारा) सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या काळात शत्रूविषयीची कल्पनाच बदलल्याचे सांगतो. त्यानंतर प्रत्येक उत्तरातील उणीव शोधावी (खरी तुलना इथेच होते). १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सैन्य घुसवणाऱ्या मॉस्कोने १९८९ मध्ये पूर्व युरोप हातचा जात असताना ते का वापरले नाही, याचे उत्तर निव्वळ वास्तववादातून, माझ्या मते, अर्धेच मिळते.